खांद्याची वाटणी

४ फेब्रुवारी

वकीलबाई म्हणाल्या, "ताई, रोज वही लिहायची. दुखणं किती, ते एक ते दहा आकड्यांत. काय करता आलं नाही, ते एका ओळीत. बाकी काही नको."

मी विचारलं, "बाकी काही म्हणजे?"

"म्हणजे आता तुम्ही माझ्याशी अर्धा तास बोललात ना, तसं काही नको."

म्हणून दोन वह्या केल्या. निळी वकीलबाईंसाठी. तिच्यात आजची नोंद: दुखणं सहा, वेणी घालता आली नाही. ही दुसरी माझ्यासाठी. लॉन्ड्रीतल्या जुन्या रजिस्टरची कोरी पानं होती, ती डाव्या हाताने शिवली. टाके वाकडे आलेत, पण ही वही कोणी पुरावा म्हणून मागणार नाही, तेव्हा चालेल.

झालं ते एकदाच नीट लिहून ठेवते. हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत मी अकरा वर्षं आहे. ओल्या चादरींच्या ट्रॉलीचं एक चाक महिनाभर लंगडत होतं. मी तीनदा सांगितलं. आमच्या सुपरवायझरला आम्ही सगळ्या कडक इस्त्री म्हणतो, ते तिन्ही वेळा "बघू" म्हणाले. नोव्हेंबरात ट्रॉली कलंडली, तेव्हा त्यांनी खरंच बघितलं. मी मात्र हात घातला. शहाणी बाई बाजूला झाली असती. पण चादरी धुऊन झालेल्या होत्या हो! खाली पडल्या असत्या तर पुन्हा धुवाव्या लागल्या असत्या. त्या वाचल्या. माझ्या उजव्या खांद्यातला स्नायूचा पट्टा फाटला. ऑपरेशन झालं, आता हात कानापर्यंत जातो आणि तिथून परत येतो.

अपघात झाला हे विमा कंपनीला मान्य आहे. भांडण वेगळंच आहे. खांदा अधू झाला त्यात अपघाताचा वाटा किती आणि माझा स्वतःचा किती, हे ठरायचंय. अपघाताचा वाटा निम्म्याच्या वर निघाला तर लॉन्ड्रीला मला बसून करायचं काम द्यावं लागेल, चादरी मोजायचं आणि शिवायचं टेबल. निम्म्याच्या खाली गेला तर मी घरी. पैशांचं काय व्हायचं ते होवो, मला ते टेबल हवंय. चौपन्नाव्या वर्षी मला घरी बसायचं नाही. घरी काय काय असतं ते मला माहीत आहे.

११ फेब्रुवारी

घरी काय असतं, ते लिहितेच.

घरी सासूबाई असतात. नऊ वर्षांपूर्वी त्यांचं कमरेखालचं अंग गेलं. तोंड शाबूत आहे, देवाची कृपा. सकाळी त्यांना पलंगावरून खुर्चीत बसवायचं, संध्याकाळी खुर्चीतून पलंगावर. हे काम माझं. मी त्यांना चादरीने उचलते. चादर लांबट दुमडून तिला पीळ द्यायचा, तो त्यांच्या पाठीमागून घेऊन आपल्या कमरेला अडकवायचा, गुडघे वाकवायचे आणि "आता" म्हणून मागे झुकायचं. लॉन्ड्रीत ओल्या गठ्ठ्यांशी झगडून शिकलेली युक्ती आहे. माणूस आपसूक उठतं.

डॉक्टरांनी आता उचलायचं नाही म्हणून बजावलंय. ते सासूबाईंना कोणी सांगितलेलं नाही, आणि ह्यांना सांगून काही उपयोग नाही. हे टपाल कचेरीत शिक्के मारतात. घरी आल्यावर तोच हात इतका दमलेला असतो की पेपरशिवाय दुसरं काही उचलवत नाही. मी डाव्या हाताने पीळ अडकवून करते कसंबसं. सासूबाई म्हणतात, "हल्ली तू फार हिसके देतेस." हो आई, छंद लागलाय मला.

निळी वही: दुखणं सात.

१९ फेब्रुवारी

आज विमा कंपनीच्या डॉक्टरांकडे तपासणी होती. वकीलबाईंनी पढवलं होतं, विचारतील तेवढंच सांगा. आजवर हे माझ्याकडून कोणालाच करवून घेता आलेलं नाही, पण मी मन घट्ट करून गेले.

दीड तास बाहेर बाकावर, सात मिनिटं आत. हात वर करा, मागे न्या, ढकला, ओढा. एका प्लास्टिकच्या कोनमापकाने खांदा मोजला. शाळेत भूमितीत नापास झाले होते, आज खांद्यानेही नाव राखलं.

"वय?"

"चौपन्न."

"खांदा पूर्वी कधी दुखायचा?"

"नाही."

"कधीच नाही?"

"डॉक्टर, दुखला असता तर रजा घेतली असती. अकरा वर्षांचं रजेचं कार्ड बघा, कोरं आहे."

त्यांनी ते लिहिलं नाही. मग विचारलं, "घरकामात कोणाची मदत होते?"

मी म्हटलं, "यजमानांची फार होते. रोज पेपर उचलतात."

ते मात्र लिहून घेतलं. मी डोळ्यांनी वाचलं: "पती मदत करतात." या माणसाच्या हातात माझा खांदा आहे.

जड काही उचलता का, हे त्यांनी विचारलं नाही. मीही आपणहून सांगितलं नाही. वकीलबाईंना माझा अभिमान वाटेल.

२४ फेब्रुवारी

मी व्यायामाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते, तेवढ्यात घरी कोणीतरी येऊन गेलं. सासूबाई अगदी खुलल्या होत्या. "फार गोड माणूस होता," म्हणाल्या. "घरातल्या म्हाताऱ्यांची चौकशी करायला आला होता. पाऊण तास बसला. माझ्या औषधांची नावंसुद्धा लिहून घेतली."

"कुठून आला होता?"

"कुठल्याशा ऑफिसातून. तू म्हाताऱ्या माणसाला खोदखोदून विचारू नकोस."

आमच्या घरात पाऊण तास सासूबाईंचं ऐकून घेणारा माणूस म्हणजे एकतर संत, नाहीतर पगारी. असो. संध्याकाळी पीळ अडकवताना त्या चक्क "सावकाश गं" म्हणाल्या. नेहमीसारखं "आपटू नकोस" नाही म्हणाल्या. अंगात बारीक ताप असावा.

१२ मार्च

अहवाल आला.

माझ्या सासऱ्यांच्या भावांनी जमिनीची वाटणी केली, तेव्हा विहिरीचेसुद्धा तीन भाग केले होते म्हणे. डॉक्टरसाहेब त्यांच्या वर निघाले. त्यांनी एका खांद्याचे तीन वारसदार काढलेत. अपघात: चाळीस टक्के. वय आणि झीज: पंचवीस टक्के. आणि "घरगुती स्वरूपाची दीर्घकालीन जड उचल": पस्तीस टक्के.

चाळीस. म्हणजे निम्म्याच्या खाली. म्हणजे टेबल गेलं.

वकीलबाईंना मी विचारलं, "वय पंचवीस टक्के कसं? नोव्हेंबरच्या वीस तारखेला मी दिवसभर चादरी ओढल्या. एकवीस तारखेला एकदम म्हातारी झाले का?"

"ताई, मुद्दा बरोबर आहे. पण ही जड उचल कुठून आली? तुम्ही सांगितलं होतं?"

"नाही."

"मग कोणी सांगितलं?"

कडक इस्त्री! दुसरं कोण? त्याला मी कधीतरी सांगितलं होतं की घरीही उचल-ठेव असतेच. त्याने ते जपून ठेवलं असणार. चाक दुरुस्त करायचं तेवढं विसरला.

निळ्या वहीत आठ लिहिलं. खांदा सहाच होता, वरचे दोन अहवालाचे.

१५ मार्च

इस्त्रीला मनातल्या मनात दिलेल्या शिव्या परत घेते. थोड्या ठेवते, चाकाच्या.

वकीलबाईंनी अहवालाची जोडपत्रं मागवली होती. त्यांत एक ओळ: "घरातील ज्येष्ठ महिला सदस्याच्या जबाबानुसार, अर्जदार नऊ वर्षांपासून दररोज दोन वेळा सदर महिलेस उचलते. मूळ जबाब कंपनीच्या ताब्यात." गोड माणूस. पाऊण तास. औषधांची नावं.

घरी येऊन मी चपलाही काढल्या नाहीत. "आई, तुम्हाला कोणी विचारलं होतं? कोण उचलतं, किती वेळा उचलतं, हे गावभर सांगायची काय गरज होती? माझी नोकरी चाललीय त्यापायी!"

सासूबाई काही बोलल्या नाहीत. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं होतं त्या उलटून बोलतील, मग मला आणखी बोलता येईल. माझी सगळी तयारी वाया गेली. मग मी ह्यांच्यावर ओरडले, कारण ते पेपर वाचत होते. ह्यांनी पेपर खाली ठेवला आणि विचारलं, "म्हणजे आईला उचलल्यामुळे पस्तीस?" मी म्हटलं, "हो, पस्तीस. पेपर उचलल्याचं काही धरलं नाही त्यांनी."

रात्री सासूबाई जेवल्या नाहीत. नवल नाही. त्या माणसाला आणखी काय काय सांगितलं असेल ते आठवत असतील. उचलते हे सांगितलं, म्हणजे आदळते हेही सांगितलंच असणार. मला रडू येत होतं, ते मी भांड्यांवर काढलं.

२१ मार्च

आज सकाळी त्यांच्या खोलीत गेले, तर सासूबाई खुर्चीत. बसलेल्या. पायांवर शाल घेऊन.

"कोणी बसवलं?"

"बसले माझी मी."

"तुमची तुम्ही?"

"मग? माणसाला जमतं एकेक दिवस."

मी तिथेच उभी राहिले. नऊ वर्षं! दिवसातून दोनदा! आणि आता कळतंय की बाईसाहेबांना मनात आलं की बसता येतं. माझा खांदा पस्तीस टक्के झिजवून झाल्यावर त्यांना चमत्कार सुचला. ह्यांना सांगायला गेले, तर हे न्हाणीघरात होते आणि इतके घामाघूम की मला वाटलं ताप आला. म्हणाले, "आईला जमतंय ना? चांगलंच आहे की." मुलगा कोणाचा!

निळी वही: दुखणं पाच. उचललं नाही, म्हणून कमी असेल. तसं लिहिलं नाही, नाहीतर त्याचेही टक्के काढतील.

३० मार्च

या घरात काहीतरी शिजतंय आणि ते माझ्यापासून लपवलं जातंय.

एक: रोज सकाळी मायलेक सासूबाईंच्या खोलीचं दार लावून घेतात. आतून धप्पकन आवाज येतो, मग सासूबाईंचं "मेले!", मग ह्यांचं "शू!" दोन: हे वाकून चालतात आणि अंगाला मलमाचा वास येतो. विचारलं तर म्हणतात, पार्सलं वाढलीत. तीन: माझी पिळाची चादर गायब आहे. जुनी, मऊ झालेली, निळ्या काठाची. दोन दिवस शोधली. सासूबाई म्हणाल्या, "एका चादरीसाठी एवढं काय? लॉन्ड्रीतली ना तू?"

माझा तर्क असा की सासूबाईंना नणंदेकडे हलवायचं ठरतंय, आणि दारामागे सामानाची बांधाबांध चाललीय. सुनेची नोकरी घालवली, आता तोंड कसं दाखवायचं, म्हणून. आणि हे त्यांना सामील. मला सांगायचं धाडस दोघांतही नाही.

खरं सांगायचं तर त्या जाणार म्हटल्यावर मला आनंद व्हायला हवा. अजून झालेला नाही. होईल.

९ एप्रिल

आज सुनावणी झाली. सगळं क्रमाने लिहायचा प्रयत्न करते.

खोली लहान, एक लांब टेबल, दोन पंखे, त्यांतला एक चालू. सुनावणी घेणाऱ्या अधिकारीबाई माझ्याच वयाच्या. पुढ्यात पेन्सिलीला टोक काढायचं यंत्र होतं. कोणी लांबण लावली की त्या पेन्सिलीला टोक काढायच्या.

आधी डॉक्टरसाहेब. वकीलबाईंनी विचारलं, "पस्तीस हा आकडा कुठून आला?"

"अनुभवातून."

"चौतीस का नाही?"

"आम्ही पाचच्या पटीत देतो."

"अपघाताआधी या खांद्याची एकही तक्रार कुठल्या कागदात आहे?"

"नाही. पण नऊ वर्षं एवढं वजन उचलल्यावर झीज होणारच. हे वैद्यकीय दृष्ट्या स्वाभाविक आहे."

अधिकारीबाईंनी टोक काढलं.

मग कंपनीच्या वकिलांनी सासूबाईंना बोलावलं. हे त्यांना चाकाच्या खुर्चीतून घेऊन आले होते, मांडीवर एक मोठी पिशवी. वकीलसाहेब फार नम्र. "आजी, तुम्हाला रोज पलंगावरून कोण उचलतं?"

सासूबाई म्हणाल्या, "माझा मुलगा."

वकीलसाहेबांनी कागद चाळला. वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे छताकडे.

"आजी, आमच्या माणसाला तुम्ही सांगितलं होतं की सून उचलते."

"मी म्हातारी आहे. मला आठवत नाही."

"मग सून काय करते?"

आणि मग सासूबाई सुटल्या. "ती? ती काय उचलणार मला? कामचुकार आहे एक नंबरची. सकाळी चहा मागितला तर दुपारी देते. माझं औषध विसरते. बोलायला गेलं तर फाडकन बोलते. नऊ वर्षांत तिने मला बोटभर हलवलेलं नाही. जे केलं ते माझ्या मुलाने." एकदाही अडखळल्या नाहीत. पंचवीस वर्षांचा साठा होता, सरकारी खोलीत, पंख्याखाली, माझ्या तोंडावर ओतला. माझे कान तापले. मला वाटलं, हेच त्या गोड माणसाला सांगितलं असणार, फक्त उचलण्याचं तेवढं आज फिरवलं.

कंपनीचे वकील हसले. "छान. मग चिरंजीव, इथे दाखवा बरं, रोज कसं उचलता ते."

मला वाटलं, संपलं. ह्यांना आईचं ताटसुद्धा उचलता येत नाही. पण हे उठले. पिशवीत हात घातला. आणि बाहेर काय काढलं? माझी निळ्या काठाची चादर!

त्यांनी ती दुमडली. पीळ दिला. आईच्या पाठीमागून घेतली. गुडघे वाकवले. हुबेहूब माझ्यासारखं. दार लावून काय चाललं होतं, कोणाला घाम येत होता, कोणाच्या पाठीला मलम लागत होतं, मार्चच्या एकवीस तारखेला सासूबाई "माझी मी" कशा बसल्या, सगळं मला त्या एका क्षणात कळलं. गप्प बसणं एवढंच माझं काम होतं. वकीलबाईंनी पढवलेलं सोडा, देवानेच मला गप्प बसायची संधी दिली होती.

आणि ह्यांनी पीळ खांद्यावर घेतला.

"अहो, कमरेला!" मी ओरडले. "खांद्यावर काय घेताय? खांदा मोडून घ्यायचाय का? किती दिवस असं करताय तुम्ही? म्हणून पाठ गेलीय तुमची! कमरेला अडकवायचा पीळ, डाव्या बाजूला! नऊ वर्षं मी काय खांद्याने उचलत होते का त्यांना?"

वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. सासूबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "तोंड आवर गं जरा." हे चादर धरून वाकलेले, तसेच राहिले.

अधिकारीबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "काय म्हणालात? पुन्हा सांगा."

आता लपवायचं काय राहिलं होतं? मी सांगितलं. "बाई, मीच उचलते. नऊ वर्षं, सकाळ-संध्याकाळ. हे दोघं खोटं बोलताहेत, आणि धड बोलताही येत नाही त्यांना. पण उचलायला खांदा लागत नाही. कमर लागते. बघा." मी ह्यांना डाव्या हाताने धरून सरळ केलं, पीळ कमरेला अडकवून दिला, गाठीची जागा दाखवली. "आता गुडघे. आता मागे झुका. ओढायचं नाही, झुकायचं. आता!"

सासूबाई खुर्चीतून अलगद वर आल्या. ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. तीन आठवडे बिचारे उगाच झगडत होते.

"तसेच थांबा," अधिकारीबाई म्हणाल्या. "डॉक्टर, जरा इकडे या. ह्यांच्या खांद्याला हात लावून बघा. भार कुठे आहे?"

डॉक्टरसाहेब आले. ह्यांचा उजवा खांदा दाबला, मग डावा, मग पाठ, मग मांडी. सात मिनिटांत माझं सगळं आयुष्य तपासणाऱ्या माणसाला त्या खांद्यावर बराच वेळ लागला.

"खांदा... सैल आहे. भार मांड्यांवर आणि कमरेवर दिसतो."

"अर्जदार कशा उचलतात, हे तुम्ही त्यांना विचारलं होतं?"

"उचलतात एवढं जबाबात होतं."

"विचारलं होतं का?"

"नाही."

"अहो, मला किती वेळ लोंबकळत ठेवणार?" सासूबाई म्हणाल्या. ह्यांनी त्यांना खाली बसवलं. अजिबात आपटलं नाही.

१० एप्रिल

घरात कोणी कोणाशी बोलत नाही. वकीलबाईंचा फोन आला होता. म्हणाल्या, "ताई, वीस वर्षांच्या वकिलीत माझ्याच अशिलाने आपल्याच बाजूने बोलणारे साक्षीदार खोटे पाडलेले मी पहिल्यांदा पाहिले." मी विचारलं, "आपण हरलो का?" त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही. पण त्यांनी पेन्सिल खाली ठेवली होती." आता यावर पोट भरायचं.

सकाळी दार उघडं होतं. ह्यांनी उचललं. पीळ कमरेला होता.

३ मे

निकाल आला. तीनदा वाचला.

अपघात: पंच्याऐंशी टक्के. वय आणि झीज: पंधरा. घरगुती उचल: शून्य. "कोणत्या कारणाने किती आणि कसं, हे डॉक्टरांना सांगता आलेलं नाही. केवळ अनुभव हे कारण होऊ शकत नाही." लॉन्ड्रीने बसून करायचं काम द्यावं. टेबल मिळालं!

मला नाचावंसं वाटलं. मग ते शून्य पुन्हा वाचलं. म्हणजे मी जिंकले, कारण नऊ वर्षं घरात जे केलं त्याचं वजन सरकारी कागदावर शून्य ठरलं. हेच मला घरी कोणी सांगितलं असतं तर मी भांडले असते. इथे मी पेढे वाटायला निघाले.

आणखी एक ओळ आहे. "वृद्ध महिला साक्षीदाराने दिलेले दोन्ही जबाब परस्परविरोधी असल्याने त्यांपैकी एकावरही विश्वास ठेवता येत नाही. साक्षीदारास समज देण्यात येत आहे." सासूबाईंना ती वाचून दाखवली. म्हणाल्या, "एवढ्या लांब नेलं, आणि वर समज." नंतर मला म्हणाल्या, "टेबल खिडकीपाशी आहे का ते बघ. तुझे डोळे गेलेत."

१९ मे

टेबलावरचा पहिला आठवडा. खिडकीपाशी नाही, बॉयलरपाशी आहे. कडक इस्त्री येऊन म्हणाले, "ताई, काही लागलं तर सांगा." मी म्हटलं, "बघू."

संध्याकाळी वकीलबाईंनी फाइलीतले माझे कागद परत दिले. त्यांत त्या गोड माणसाने घेतलेला मूळ जबाब होता, कंपनीने सुनावणीत दाखल केलेला. अख्खा. मी आजवर त्याची फक्त एक ओळ ऐकली होती. बस येईपर्यंत थांब्यावर उभी राहून वाचला. इथे उतरवते.

"मला सून उचलते. रोज दोनदा. नऊ वर्षं झाली, मला एकदाही आपटलेलं नाही. स्वतः दिवसभर काम करून येते तरी आधी माझ्या खोलीत येते. पोटच्या मुलीने एवढं केलं नसतं, ती कंटाळली असती. हिच्या हातच्या चादरीला कधी चुणी नसते. हल्ली तिचा हात दुखतो, ती मला सांगत नाही, पण मला कळतं. मी विचारत नाही, विचारलं तर तिला उचलायची चोरी होईल. प्रश्न: सुनेबद्दल काही तक्रार? उत्तर: नाही."

दोन बस सोडल्या. तिसरीत बसायला जागा होती, तरी उभीच राहिले.

घरी आले तेव्हा त्या खुर्चीत होत्या. मी विचारलं, "आई, त्या माणसाने तुम्हाला विचारलं होतं ना, सुनेबद्दल काही तक्रार आहे का?"

"विचारलं असेल."

"तुम्ही नाही म्हणालात."

"मग काय सांगायचं? परका माणूस तो. आपल्या घरातलं त्याला कशाला?"

"आणि अधिकारीबाई? त्या काय तुमच्या माहेरच्या होत्या?"

त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाल्या, "तिथे तुझं काम जात होतं."

मी त्यांच्या पायांवरची शाल नीट केली, ती नीटच होती. त्या म्हणाल्या, "चहा आज होणार आहे, की त्यालाही निकाल लागायचाय?" मी कागद या वहीत ठेवला आणि चहा टाकला. उजव्या हाताने पातेलं उचललं, थोडं दुखलं.